सोल गाणी, पण जॅझवाल्यांच्या हातची: काय ऐकू?

तारषड्ज
बिल विदर्स, मार्विन गे, स्टीव्ही वंडर हे माझं रोजचं ऐकणं. जॅझच्या वाटेला फारसा गेलो नाही. ओळखीच्या गाण्यांवरून आत शिरावं म्हणून एक तयार प्लेलिस्ट लावली, तर निघालं हॉटेलच्या लॉबीत वाजतं तसलं गुळमुळीत सॅक्सोफोन. गाणं ओळखू यायला हवं, पण वाजवणाऱ्याचं स्वतःचं म्हणणंही हवं. सुरुवात कुठून करू?

मंद्रसप्तक
लॉबीवाल्या सॅक्सचं खापर बरेच जण ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियरवर फोडतात. तरी त्याच्यापासूनच करा. अल्बम 'इनर सिटी ब्लूज', रेकॉर्डिंग 1971 चं. मार्विन गेचं मूळ गाणंही त्याच वर्षीचं, म्हणजे गरम असतानाच उचललेलं. हे सेशन खरं तर हँक क्रॉफर्डचं होतं. तो येऊ शकला नाही, म्हणून ऐनवेळी ग्रोव्हरच्या हाती आल्टो सॅक्स आला आणि त्याचं नशीब उघडलं.
त्यातच 'एन्ट नो सनशाइन' आहे. विदर्स मूळ गाण्यात 'आय नो' हे दोनच शब्द 26 वेळा म्हणतो. शब्दच काढून घेतल्यावर त्या जागी काय उरतं, तिकडे कान ठेवा.

उगाच_एक
आणि लगेच रहसान रोलंड कर्कचा 'ब्लॅकनस' (1972) लावा. 'एन्ट नो सनशाइन' त्यातही आहे, बासरीवर. कर्क अंध होता, तीन-तीन सॅक्स एकदम तोंडात धरायचा, बासरी फुंकताना मध्येच गुणगुणायचा, गुरगुरायचा. एकच बंदिश दोन घराण्यांत ऐकल्यासारखं वाटेल. 'माय गर्ल' पण आहे, टेम्प्टेशन्सवालं.

तारषड्ज
ग्रोव्हर छान. कर्क लावल्यावर बायकोने खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं, मी मात्र दोनदा ऐकला. पियानोवर काही? आणि स्टीव्ही वंडर?

मंद्रसप्तक
पियानोवर रॅमसी लुईस, 'द इन क्राउड', 1965. मूळ डोबी ग्रेचं. वॉशिंग्टनच्या बोहेमियन कॅव्हर्न्स क्लबमध्ये लाइव्ह रेकॉर्ड केलंय, आणि टाळ्या वाजवणारे श्रोते जणू चौथे वादक आहेत. गाणारं कुणी नसताना हे पॉप चार्टवर पाचव्या नंबरपर्यंत गेलं होतं! पुढे लुईसकडे ड्रमवर मॉरिस व्हाइट आला, तोच 'अर्थ, विंड अँड फायर' बँडवाला.
स्टीव्हीसाठी हर्बी हॅनकॉकचा 'द न्यू स्टँडर्ड' (1996), त्यातलं 'यू'व्ह गॉट इट बॅड गर्ल'. इथे मात्र मूळ चाल शोधावी लागते. महिनाभराने ऐका.

चौकट_राजा
वेस माँटगोमेरीचं 'गोइंग आउट ऑफ माय हेड' कुणीच कसं सांगितलं नाही?

उगाच_एक
कारण ते अडीच मिनिटांच्या आत संपतं आणि मागे ऑलिव्हर नेल्सनचा अख्खा ब्रासचा ताफा. गिटारला श्वास घ्यायला जागा कुठाय?

चौकट_राजा
ग्रॅमी मिळालंय त्याला. आणि नुसत्या अंगठ्याने, एकच सूर दोन सप्तकांत जोडीने छेडत तो चाल म्हणतो, ती ऐकून मूळ गायकांची आठवण येत नाही. तारषड्ज, तुम्हीच ऐकून सांगा.

तारषड्ज
लावतो. बायको बाहेर गेली की.