गणिताचा ऑनलाइन गृहपाठ: दर सत्राला नवा संसार कशाला मांडायचा?

त्रैराशिक (धागालेखक)

मंडळी, महाविद्यालयात पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जेब्रा शिकवतो. दर सत्राआधीचे पंधरा दिवस एकाच कामात जातात: मागचा ऑनलाइन गृहपाठाचा कोर्स कॉपी करायचा आणि तो कुठे कुठे मोडलाय ते शोधत बसायचं. मागच्या खेपेला तारखा बदलायच्या राहिल्या. पहिल्याच दिवशी बाराच्या बारा संच 'मुदत संपली' म्हणून कुलूपबंद. सव्वाशे मुलांचा वर्ग, मेलचा पाऊस.

तर माझं म्हणणं असं. हा कोर्स दोन-तीन जणांनी बसून एकदाच नीट रचावा, आणि उद्या तो आपल्याला न ओळखणारा माणूस चालवणार आहे असं धरूनच रचावा. प्रश्नात 'काल वर्गात पाहिलं तसं' नको. पुस्तकाचा प्रकरण क्रमांक नको, कारण नवी आवृत्ती आली की ४.३ चं ४.५ होतं आणि सगळ्या संचांची नावं खोटी पडतात. संचाला 'आठवडा ६' न म्हणता 'साखळी नियम' म्हणा. आठवडे ज्याचे त्याने लावावेत.

दुसरं म्हणजे बदलते आकडे. प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळे आकडे मिळावेत हे सगळ्यांना हवं असतं, पण नेमका इथेच आळस होतो. वर्गसमीकरणाचे तिन्ही सहगुणक यंत्राला वाटेल तसे उचलू दिले, तर एकाला मुळं २ आणि ३ मिळतात आणि शेजारच्याला १३७ चं वर्गमूळ. उलट्या बाजूने यायला हवं. आधी मुळं निवडायची, मग समीकरण तयार करायचं. −५ ते ५ मधले शून्य सोडून दोन वेगळे पूर्णांक घ्या, एकमेकांचे विरुद्ध असतील तर गाळा (मधलं पदच उडतं). ४० जोड्या उरतात, म्हणजे सव्वाशेच्या वर्गात एक जोडी सरासरी तिघांकडे. तेवढं पुरतं. मॅट्रिक्सचा व्यस्त विचारायचा असेल तर एकक मॅट्रिक्सपासून निघा, एका ओळीची पूर्णांक पट दुसरीत मिळवत जा. निश्चयक १ च राहतो आणि व्यस्तात १७/४३ सारखी भुतं येत नाहीत.

एवढी मेहनत एकदा केली की ती सगळ्यांची व्हायला हवी. वेबवर्क ही गणिताचा ऑनलाइन गृहपाठ देणारी आणि तपासणारी प्रणाली रॉचेस्टर विद्यापीठात १९९० च्या दशकात सुरू झाली. तिच्या खुल्या प्रश्नसंग्रहात आज ३० हजारांहून जास्त प्रश्न आहेत. तरी जो तो आपली विहीर खणतोय.

खोडरबर

साफ असहमत.

तुमच्या कोर्समधून तारीख काढली, पुस्तक काढलं, 'काल वर्गात' काढलं. उरलं काय? स्वाध्यायाची उदाहरणं. गृहपाठ हा आजच्या तासाचं शेपूट असतो हो. आज अर्ध्या वर्गाला साखळी नियमात आतलं फलच (फंक्शन) ओळखता आलं नाही, तर मी रात्री त्यावर चार प्रश्न टाकते. तुमच्या अनोळखी माणसाने पाच वर्षांपूर्वी रचलेल्या संचाला हे कसं कळणार?

त्यातून प्रत्येकाची लिहायची तऱ्हा वेगळी. मी लॉग लिहिते तेव्हा पाया e असतो, शेजारच्या विभागात तोच १०. वेबवर्कमध्ये तर हे सेटिंगवर ठरतं! एकाने कॉपी केलेला कोर्स दुसऱ्याच्या सेटिंगवर चढला की बरोबर उत्तरं चूक ठरणार आणि मुलं माझ्या दाराशी.

३० हजार प्रश्नांचं कौतुक मला सांगू नका. त्यातून हवा तो एक शोधायला लागतो तेवढ्या वेळात मी दोन लिहिते. आणि सगळ्यात वाईट गोष्ट सांगू? तयार कोर्सच्या तिसऱ्या वर्षी शिकवणाऱ्याने त्यातला एकही प्रश्न स्वतः सोडवलेला नसतो.

उरलेली_बाकी

विद्यार्थी आहे, मधे बोलतो. आमच्या वर्गात तोच कोर्स तिसऱ्यांदा चालू होता. आकडे प्रत्येकाचे वेगळे होते हे खरं. पण आधीच्या बॅचच्या एकाने स्प्रेडशीट करून ठेवली होती. आपले आकडे घाला, उत्तर घ्या. संच ५ पर्यंत सगळं त्यात होतं. संच ६ ला मात्र सगळे स्वतः सोडवत होते, कारण त्याने तिथे कंटाळा केला.

त्रैराशिक

@उरलेली_बाकी: ती स्प्रेडशीट करणाऱ्याला पाच संचांचे पूर्ण गुण द्यायला मी तयार आहे. गंमत नाही. सर्वसाधारण सूत्र काढल्याशिवाय ती होत नाही. बाकीच्यांचं काय, हा प्रश्न उरतो, मान्य.

@खोडरबर: रात्री चार प्रश्न टाका की. कोर्स तयार असेल तर त्या चार प्रश्नांना वेळ मिळेल. तुम्ही उरलेले साठसुद्धा दर वर्षी नव्याने लिहिता का?

खोडरबर

साठ नाही. वीस. मी साठ देतच नाही.

सर्व्हरवाला

शिकवत नाही, यंत्रणा सांभाळतो. दोघांच्याही लक्षात न आलेली अडचण सांगतो.

कोर्स 'सगळ्यांचा' करायचा म्हणजे नक्की कसा? एक मूळ कोर्स ठेवून प्रत्येकाला प्रत दिली, तर मुळातली चूक सहा प्रतींत जाते आणि सहा ठिकाणी दुरुस्त करावी लागते. करतं कोण? कोणी नाही. उलट सगळ्यांना एकाच प्रश्नफाइलला जोडलं, तर दुरुस्ती एका जागी होते, पण ती चालू सत्रात सगळ्यांच्या अंगावर येते.

आणि ती कशी येते ते ऐका. विद्यार्थ्याचे आकडे कुठे साठवून ठेवलेले नसतात. त्याला एक बीज-संख्या दिलेली असते आणि प्रश्न उघडला की तिच्यावरून आकडे दर वेळी त्याच क्रमाने नव्याने निघतात. आता एका भल्या माणसाने प्रश्नाच्या सुरुवातीला आणखी एक बदलता आकडा घातला. पुढचे सगळे एका घराने सरकले. काल ज्यांनी अर्धा प्रश्न कागदावर सोडवला होता त्यांना आज वेगळाच प्रश्न दिसला. हे मी पाहिलंय, आणि त्या दिवशी फोन मलाच आले. तेव्हापासून आमच्याकडे नियम एकच: सत्र चालू असताना फाइलमध्ये नवा आकडा घालायचाच असेल तर तो सगळ्यात शेवटी.

अर्धवट_सूत्र

वाद कोर्सवर चाललाय, पण रोग प्रश्नात आहे. एक प्रयोग करा. 'क्ष² − ५क्ष + ६ चे अवयव पाडा' असा प्रश्न तुमच्या कोर्समध्ये असेलच. उत्तराच्या चौकटीत क्ष² − ५क्ष + ६ हेच परत लिहा. बऱ्याच ठिकाणी पूर्ण गुण मिळतील!

याचं कारण सोपं आहे. वेबवर्क सहसा दोन फलं सारखी आहेत का हे काही बिंदूंवर किमती काढून ताडून बघतं. किमती जुळल्या की बरोबर. रूप कोणतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही, वेगळं सांगितल्याशिवाय. अवकलज (डेरिव्हेटिव्ह) विचारला असेल तर हे उत्तमच, कारण मुलाने कसंही लिहिलं तरी चालतं. पण 'अवयव पाडा', 'सोपं रूप द्या' या प्रश्नांत रूप हेच उत्तर असतं.

मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीवर स्टॅक हा गणिताच्या प्रश्नांचा प्रकार वापरणाऱ्यांना हे बरं जमतं. त्यामागे मॅक्सिमा ही बीजगणित करणारी प्रणाली आहे, आणि 'किंमत सारखी आहे का' व 'अवयवरूपात आहे का' या दोन चाचण्या वेगळ्या लावता येतात. पुढे फांद्या फोडता येतात: किंमत बरोबर पण रूप चूक असेल तर अर्धे गुण आणि 'अजून अवयव पडतात' असा शेरा. इंटिग्रेशनमध्ये स्थिरांक विसरला तर त्यालाही वेगळी फांदी. पण एकेका प्रश्नाला अशा फांद्या लावून तपासायला माझी अख्खी संध्याकाळ जाते. असा प्रश्न एकाच वर्गासाठी लिहिणं मला परवडत नाही. म्हणून मी त्रैराशिक यांच्या बाजूने, फक्त त्यांनी 'कोर्स' हा शब्द सोडावा. पुन्हा वापरायची गोष्ट म्हणजे फांद्यांसकट असलेला एक प्रश्न. फार तर आठ-दहा प्रश्नांचा संच.

क्ष_अक्ष

कशाला एवढी यातायात? प्रश्नाचा फोटो काढला की फोन पायऱ्यांसकट उत्तर देतो. तुमच्या चाळीस जोड्या, फांद्या, बीज-संख्या, सगळं दोन सेकंदात पार. ऑनलाइन गृहपाठाला गुणच ठेवू नका.

उरलेली_बाकी

गुण नसतील तर कोणी उघडणारही नाही. मी तर नाहीच. पाच-दहा टक्के ठेवा, तेवढ्यासाठी फसवावंसं वाटत नाही पण करावंसं वाटतं. आणि चुकलं की लगेच कळतं हे मला खरंच आवडायचं. वहीतला गृहपाठ तपासून परत येईपर्यंत तो विषय डोक्यातून गेलेला असतो.

खोडरबर

@अर्धवट_सूत्र यांचा प्रतिसाद पटला, म्हणून थोडं मागे येते. हात बसवायच्या प्रश्नांसाठी, म्हणजे अवकलन, मॅट्रिक्सचा गुणाकार, आंशिक अपूर्णांक, तयार संच घेईन. पण माझ्या दोन अटी. संचासोबत एक पानाची टीप हवी: लॉगचा पाया कोणता धरलाय, दशांशात किती फरक चालतो, कोणते आकडे मुद्दाम टाळलेत. (०.१ टक्का फरक चालतो असं धरलं तर १/३ च्या जागी ०.३३ चूक, ०.३३३३ बरोबर आणि ०.३३३ बरोब्बर कुंपणावर. हे मुलांना कोण समजावणार?) दुसरी अट, आंशिक अपूर्णांकात दोन्ही छेदमुळं (छेद शून्य करणाऱ्या किमती) सारखी येऊ शकत नाहीत हे रचणाऱ्याने तपासलेलं असावं. मी घेतलेल्या एका संचात ती येत होती. एका मुलीने अर्धी रात्र घालवली त्यावर, आणि चूक तिची नव्हतीच.

'सिद्ध करा' असे प्रश्न मात्र कागदावरच. ते मी कोणत्याही यंत्राला देणार नाही.

त्रैराशिक

एक पानाची टीप मान्य. 'कोर्स' शब्दही सोडतो, नाइलाजाने. आंशिक अपूर्णांकांचा संच आधी टाकतो, छेदमुळं तपासून.

काल रात्री अर्धवट_सूत्र यांचा प्रयोग माझ्याच कोर्सवर केला. 'अवयव पाडा' किंवा 'सोपं रूप द्या' म्हणणारे एकूण १४ प्रश्न निघाले. प्रत्येकात प्रश्नच उत्तर म्हणून चिकटवला. नऊ ठिकाणी पूर्ण गुण मिळाले. त्यातले दोन संग्रहातून आणलेले होते. सात मी लिहिलेले.