प्रायव्हेट डिटेक्टिव्ह व्हायला लायसन्स नक्की कुठलं लागतं?

निशाचर२१:
मंडळी, माझा जाम गोंधळ झालाय. सहा वर्षं इन्शुरन्स क्लेमची तपासणी केली, म्हणजे खोटे अपघात, आपोआप जळणारी गोडाऊनं वगैरे, आणि आता स्वतःची डिटेक्टिव्ह एजन्सी काढावी असं डोक्यात आहे. एक जण म्हणतो पोलिसांचं लायसन्स लागतं, दुसरा म्हणतो काहीच लागत नाही, आणि एका इन्स्टिट्यूटवाल्याने तर आमचा कोर्स केला की सरकारमान्य लायसन्स मिळतं सांगून ॲडव्हान्सपण मागितला. शिवाय बायकोची पुढेमागे कॅलिफोर्नियाला बदली होऊ शकते, तर तिकडचं कोणाला माहीत असेल तर तेही सांगा.

कागदपत्रवाला:
ॲडव्हान्स दिला नसेल तर देऊ नका. भारतात खासगी डिटेक्टिव्हसाठी वेगळं लायसन्सच नाहीये, तर तो देणार कुठून? २००७ ला राज्यसभेत डिटेक्टिव्ह एजन्सींवर नियंत्रण आणायचं विधेयक आलं होतं, त्याचा कायदा काही झाला नाही. लोक ज्याला पोलिसांचं लायसन्स म्हणतात ते २००५ च्या पसारा कायद्याचं (PSARA, खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा), आणि ते सिक्युरिटी गार्ड पुरवणाऱ्यांसाठी आहे, बऱ्याच एजन्सी दोन्ही धंदे एकाच बोर्डाखाली करतात म्हणून सगळ्यांची गल्लत होते. तुम्हाला इतर कुठल्याही धंद्यासारखी नोंदणी आणि टॅक्सचे कागद, बाकी काही नाही.
फक्त लायसन्स नाही म्हणजे मोकळं रान असं समजू नका. क्लायंट पहिल्याच भेटीत कॉल रेकॉर्ड मागतो, हमखास मागतो. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर (म्हणजे हेच, कोणी कोणाला कधी फोन केला याची नोंद) विकण्याच्या प्रकरणात डिटेक्टिव्हच उचलले होते.

सॅक्रामेंटोकर:
इकडे कॅलिफोर्नियात उलटं आहे, लायसन्सशिवाय पैसे घेऊन तपास केलात तर गुन्हा. वय १८ पूर्ण, बोटांचे ठसे देऊन राज्याची आणि एफबीआयची तपासणी, मग दोन तासांची ऑब्जेक्टिव्ह परीक्षा. पण माणसं अडकतात ती अनुभवात. पगारी तपासकामाचे ६००० तास दाखवावे लागतात, म्हणजे साधारण तीन वर्षं, कायद्याची किंवा पोलिस सायन्सची डिग्री असेल तर ४०००. आणि सगळंच धरत नाहीत हं, समन्स पोचवणं, सरकारी रेकॉर्ड शोधून देणं, वसुलीचे फोन, हप्ते थकलेल्या, पत्ता आधीच लागलेल्या गाड्या ओढून आणणं हे सगळं बाद. इन्शुरन्स ॲडजस्टरचं काम धरतात, त्यामुळे तुमची गाडी रुळावर आहे. जुन्या साहेबाकडून तासांचं पत्र आत्ताच सही करून घ्या, साहेब एकदा रिटायर झाला की फिरत बसाल. बंदूक बाळगायची तर परवानगी वेगळी.

भटकी_मांजर:
यात एक भर. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा संसार वेगळा, वायोमिंग, साउथ डकोटासारखी राज्यं राज्यपातळीवर लायसन्स मागतच नाहीत. फ्लोरिडात अनुभव नसलेल्यांसाठी इंटर्नचं लायसन्स असतं, ४० तासांचा कोर्स करून एखाद्या लायसन्सवाल्याच्या हाताखाली दोन वर्षं काढायची. मला ही पद्धत पटते, नाहीतर लायसन्सशिवाय काम नाही आणि कामाशिवाय लायसन्स नाही, नवख्याने करायचं काय? ब्रिटनची तर गंमतच, २००१ च्या कायद्यात डिटेक्टिव्हना लायसन्सची तरतूद आहे पण ती लागूच केलेली नाही.

निशाचर२१:
खूप आभार, ॲडव्हान्स वाचला. एक बावळट प्रश्न, तिकडे लायसन्स मिळालं की बँकेचे, फोनचे डिटेल्स अधिकृतपणे मागता येतात का?

सॅक्रामेंटोकर:
अजिबात नाही. लायसन्सने पोलिसांचे अधिकार मिळत नाहीत. खोटं नाव सांगून बँकेतून माहिती काढणं १९९९ च्या कायद्याने बंद केलं आणि फोन रेकॉर्डचं २००६ ला. बॅज मिरवून पोलिस असल्याचं भासवलंत तर लायसन्स तर जाईलच, वर खटला. काम म्हणजे गाडीत बसून पाळत, पब्लिक रेकॉर्ड, आणि रिपोर्ट लिहिणं, त्यातलं रिपोर्ट लिहिणंच जास्त.

कागदपत्रवाला:
आणि दुसऱ्याच्या गाडीला जीपीएस चिकटवायच्या आधी वकिलाला विचारा, इकडे काय नि तिकडे काय. क्लायंट म्हणतो गाडी माझ्याच नावावर आहे, तर आधी आरसी बघायची.