मडगार्डची आतली कड वळवताना रंग कसा वाचवावा?

प्रश्न

नमस्कार. मी माझ्या गाडीला मूळ चाकांवरच मूळ टायरपेक्षा २० मिलिमीटर रुंद टायर बसवले आहेत. मागच्या आसनावर दोन माणसे बसली आणि रस्त्यात उंचवटा आला, की मागच्या मडगार्डची आत काटकोनात वळलेली पत्र्याची कड टायरच्या खांद्यावर घासते. डाव्या टायरवर बोटाला जाणवेल एवढी खाच पडली आहे. ही कड आतून वर दुमडून घ्यावी, म्हणजेच फेंडर रोलिंग करावे, असे मी ठरवले आहे. परंतु गाडीचा रंग अजून अखंड असून तो तडकला तर पूर्ण बाजू रंगवण्याचा खर्च मला झेपणार नाही. टायर आणि कड यांच्यामध्ये लाकडी दांडा अडकवून गाडी सावकाश पुढेमागे ढकलावी, असे एकाने सुचवले. यात धोका किती आहे?

प्रतिसाद १

कडेला हात लावण्याआधी टायर नेमका कोठे घासतो ते पाहून घ्या. कडेच्या आतून खडू चोळा, माणसे बसवून गाडी फिरवून आणा आणि खडू कोठे पुसला गेला ते तपासा. पुष्कळदा घासणारी जागा कड नसून आतील प्लॅस्टिकच्या अस्तराचा स्क्रू किंवा बंपर जोडण्याची पट्टी असते, आणि त्यासाठी पत्रा वळवण्याचे कारणच उरत नाही. तुमचा टायर २० मिलिमीटरने रुंद झाला, म्हणजे बाहेरच्या बाजूला तो साधारण १० मिलिमीटर सरकला. कडेची रुंदी मोजा. पूर्ण दुमडल्यावर तिच्यातून पत्र्याची जाडी वजा जाता जेवढी उरेल, तेवढीच जागा मिळेल. खाच फक्त डावीकडे असेल तर दोन्ही बाजूंचे अंतर मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण मागचा आख एका बाजूला सरकलेला असला तर दोष मडगार्डचा नाही.

प्रतिसाद २

दांड्याची पद्धत मी कोणालाही सुचवणार नाही. टायर दबतो, दांडा गोल फिरता फिरता तिरपा होतो, आणि कडेवर किती दाब पडतो आहे हे ढकलणाऱ्याला कळत नाही. त्यामुळे कड दुमडण्याऐवजी मडगार्डची कमानच बाहेर ढकलली जाते आणि उन्हात गाडी तिरकी पाहिली की पत्र्यावर लाटा दिसतात. रंग वाचला तरी ही लाट पुसता येत नाही.

चाक काढून हबला नटांनी बसवायचे रोलर-यंत्र भाड्याने किंवा ओळखीतून मिळवा. दोघातिघांनी मिळून ते आणले तर खर्च अगदीच कमी होतो. गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर ठेवा. कडेवरची माती पूर्ण धुऊन काढा, कारण रोलरखाली आलेला एक खडाही रंगात उतरतो.

रंग वाचवण्याचे खरे काम उष्णता करते. थंड रंग कडक असतो आणि वाकताना तडकतो. गरम झाला की तो पत्र्याबरोबर ताणला जातो. हीट गन एका जागी न थांबवता हातभर पट्ट्यावर सतत फिरवत राहा आणि पत्रा बाहेरून साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापू द्या. कारखान्यातला रंग सुमारे १४० अंशांवर भाजलेला असतो, त्यामुळे एवढ्या तापमानाने त्याला इजा होत नाही; मात्र हीट गनमधून निघणारी हवा कित्येक शे अंशांची असते, म्हणून अंदाजावर न विसंबता दुरून तापमान मोजणारे साधन जवळ ठेवा. रोलर आधी कडेला नुसता टेकवा, मग प्रत्येक फेरीला थोडासाच दाब वाढवा. पहिल्या टप्प्यात कड ४५ अंशांच्या कोनापर्यंतच आणा. पत्रा निवला की पुन्हा तापवा. एका कमानीला दीड-दोन तास लागले तर ते योग्यच आहे. मला घाई करून बिघडलेली कामेच जास्त पाहायला मिळाली आहेत. बंपर जेथे जोडला जातो त्या टोकाच्या काही सेंटिमीटरला रोलर लावू नका.

प्रतिसाद ३

मागच्या मडगार्डबद्दल एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. पुढचे मडगार्ड बहुतेक गाड्यांत एकेरी पत्र्याचे आणि बोल्टने बसवलेले असते; मागे मात्र बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे त्या कडेवरच स्पॉट वेल्डने जोडलेले असतात आणि त्यांच्या फटीत सीलंट असते. कड वळली की ते सीलंट तुटते. मी माझ्या गाडीची कड सुबक वळवून घेतली, बाहेरचा रंग जसाच्या तसा राहिला म्हणून समाधानाने काम थांबवले, आणि दोन पावसाळ्यांनंतर त्याच कडेतून गंजाचे फोड बाहेर आले. म्हणून कड वळवल्यावर लगेच फट स्वच्छ करा, उघड्या पत्र्याला प्रायमर लावा, नवे सीलंट भरा आणि वरून अंडरकोट द्या. या सामानाला फारसा खर्च येत नाही.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे आभार. खडूची चाचणी केली. डावीकडे कडच घासते, आणि दोन्ही बाजूंच्या अंतरात ४ मिलिमीटरचा फरक निघाला. आता आधी आखाची तपासणी करून घेतो. गाडी मी दुसऱ्या मालकाकडून घेतली असल्याने डाव्या बाजूला पूर्वी पुट्टी भरली आहे की नाही, हे कसे ओळखावे?

प्रतिसाद २

पातळ कापडात गुंडाळलेले लहान लोहचुंबक कमानीभर फिरवा. जेथे त्याची पकड ढिली पडते तेथे पुट्टी असण्याची दाट शक्यता आहे. रंगाची जाडी मोजणारे यंत्र मिळाले तर अधिक चांगले. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, आणि पुट्टीवर तोच आकडा अनेक पटींनी वाढतो. पुट्टी कितीही तापवली तरी ती पत्र्याबरोबर वाकत नाही, तडकतेच. तशी जागा कडेजवळ आढळली तर त्या बाजूला रोलर लावू नका. मूळ मापाचे टायर परत बसवणे तुम्हाला स्वस्त पडेल.