ओहायोच्या मतदारसंघांचा नकाशा कोणी आखावा?

कोलंबसहून

नोव्हेंबर 2024 मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्याच्या मतदारांपुढे 'इश्यू 1' ही घटनादुरुस्ती आली होती. मतदारसंघांच्या सीमा आखण्याचे काम राजकारण्यांकडून काढून 15 नागरिकांच्या आयोगाकडे द्यावे आणि त्यात रिपब्लिकन, डेमोक्रॅट व अपक्ष प्रत्येकी पाच असावेत, असा तो प्रस्ताव सुमारे 54 टक्के मतदारांनी फेटाळला. मी बाजूने मत दिले, पण मतपत्रिका वाचताना मला धक्का बसला होता. हा आयोग जेरीमँडरिंग, म्हणजे एखाद्या पक्षाच्या फायद्यासाठी सीमांची ओढाताण, करण्यास 'बांधील' असेल, असे तिच्यावर छापले होते! जेरीमँडरिंग थांबवण्यासाठी सात लाखांहून अधिक सह्या गोळा झालेल्या प्रस्तावाचे असे वर्णन मंजूर करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष राज्यसचिव फ्रँक लारोझ होते, आणि सीमा आखणाऱ्या समितीतही तेच बसत होते. या कौलाला निकोप कसे म्हणायचे?

सिनसिनाटीहून

मी तो मजकूर न पाहताही विरोधातच मत दिले असते. पक्षांच्या जागा राज्यभरातील त्यांच्या मतांच्या प्रमाणात असाव्यात, अशी अट प्रस्तावात होती. डेमोक्रॅट मतदार क्लीव्हलँड, कोलंबस, सिनसिनाटी अशा शहरांत दाटीने राहतात. ते प्रमाण साधायचे तर शहरे चिरून त्यांचे तुकडे ग्रामीण भागाला जोडावे लागतील. मागच्या दशकात आमच्या शहराचे असेच दोन भाग केले होते आणि त्यांतला एक शेजारच्या, रिपब्लिकन कलाच्या वॉरन काउंटीला (जिल्ह्याला) जोडला होता, तेव्हा आपण सगळ्यांनीच त्याला अन्याय म्हटले. शिवाय सध्याच्या समितीत बसणारा गव्हर्नर चुकला तर मी त्याला मतपेटीतून घरी पाठवू शकतो, निवृत्त न्यायाधीशांच्या गाळणीतून आलेल्या आयोगाला नाही.

पुन्हा कोलंबसहून

तुमचा प्रमाणाचा मुद्दा विचार करण्याजोगा आहे, पण घरी पाठवण्याचा मुद्दा अनुभवाला टिकत नाही. 2015 आणि 2018 च्या सुधारणा मतदारांनी 70 टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर केल्या, पण आखणीची सूत्रे नेत्यांकडेच राहिली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रिपब्लिकनांना झुकते माप देणारे नकाशे एकूण सात वेळा रद्द केले, तरी 2022 ची निवडणूक रद्द ठरलेल्याच नकाशांवर झाली. त्या निकालांत बहुमताबरोबर राहिलेल्या सरन्यायाधीश मॉरीन ओ'कॉनर स्वतः रिपब्लिकन. निवृत्तीनंतर 'इश्यू 1' ची धुरा त्यांनीच उचलली, ती काही डेमोक्रॅटांच्या सोयीसाठी नव्हे.

पुण्याहून

महाराष्ट्रात 2009 पासूनच्या निवडणुका ज्या आखणीवर होत आहेत, ती करणाऱ्या परिसीमन आयोगाचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. त्या आयोगाला हटवण्याची सोय मतदारांकडे नव्हती. आमदार-खासदार सहयोगी सदस्य म्हणून बसत, मत मांडत, पण त्यांना मतदानाचा अधिकार नव्हता. माझ्या मते ही रेघ फार मोलाची आहे.

सिनसिनाटीहून

अशी तरतूद आमच्याकडे आली तर आयोगाविषयीचा माझा आक्षेप बराच सौम्य होईल, कारण स्थानिक माहिती देणारा लोकांना उत्तरदायी असेल. प्रमाणाची अट मात्र तुमच्या आयोगावर नव्हती, आणि ती असेपर्यंत माझे मत विरोधातच राहील.