कॉलेज फुटबॉलमधील मोबदला आणि संघबदल: खेळाडू नोकर नाही, मग दंड कशाचा?

अटीतटी (धागालेखक):

जॉर्जिया विद्यापीठाच्या क्रीडा संघटनेने डेमन विल्सन या आपल्या माजी (अमेरिकन) फुटबॉलपटूकडे ३ लाख ९० हजार डॉलरची मागणी केली असून ते प्रकरण आता न्यायालयात पोहोचले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये विल्सनने विद्यापीठाच्या समर्थकांनी उभारलेल्या निधीसंस्थेशी करार केला, त्यानुसार त्याला दरमहा ३० हजार डॉलर मिळायचे होते, आणि जानेवारीत तो मिझुरी विद्यापीठाच्या संघात दाखल झाला. मध्येच संघ सोडल्यास उरलेल्या हप्त्यांची रक्कम खेळाडूने एकरकमी भरावी, असे कलम त्या करारात असल्याचे संघटनेचे म्हणणे आहे. येथे एक बारकावा नजरेतून सुटू नये. मागितलेली रक्कम ही खेळाडूने घेतलेले पैसे परत करण्याची नाही. जे पैसे त्याला कधी मिळालेच नाहीत, तेवढे त्याने आता उलट द्यावेत, अशी ती मागणी आहे.

ज्यांनी हा विषय जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. अमेरिकेतील विद्यापीठीय खेळांचे नियमन करणारी एनसीएए ही संस्था अनेक दशके असे सांगत आली की शिष्यवृत्तीपलीकडे खेळाडूला काही मिळता कामा नये, अन्यथा खेळाचे हौशी स्वरूप संपेल. जून २०२१ मध्ये ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी या संस्थेच्या विरोधात निकाल दिला. तो खटला खरे तर केवळ शिक्षणाशी निगडित लाभांपुरता होता. परंतु न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र मतात एनसीएए कायद्याच्या वर नाही असे स्पष्ट बजावले. त्यानंतर दहाच दिवसांत, १ जुलै २०२१ पासून, खेळाडूंना स्वतःचे नाव, छबी आणि प्रसिद्धी यांवर कमाई करण्याची मुभा मिळाली; यालाच सगळे एनआयएल म्हणतात. पुढे ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी हाउस खटल्यातील तडजोडीला मंजुरी दिली. तिच्यानुसार जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर द्यायचे आहेत आणि २०२५-२६ या वर्षापासून प्रत्येक विद्यापीठ आपल्या खेळाडूंना थेट सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटू शकते.

माझा आक्षेप या शेवटच्या आकड्यावर आहे. व्यावसायिक लीगमध्येही वेतनाला कमाल मर्यादा असते, पण ती खेळाडूंच्या संघटनेशी वाटाघाटी करून ठरते, आणि तिच्या बदल्यात खेळाडूंना किमान वेतन, विमा आणि तक्रारनिवारणाची यंत्रणा मिळते. येथे मर्यादा आली, करार आले, दंडाची कलमे आली. फक्त खेळाडू हा नोकर आहे हे मान्य करण्याची वेळ आली की विद्यापीठे हात वर करतात. ताकाला जाऊन भांडे लपवण्याचा हा प्रकार आहे. करारभंगाची भरपाई हवी असेल, तर करार करणाऱ्याचा दर्जा आधी मान्य करावा, असे माझे मत आहे.

मध्यपश्चिमी:

मी एका सरकारी विद्यापीठात शिकवतो आणि आपले विवेचन मला एकांगी वाटते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

दूरचित्रवाणीच्या अब्जावधी डॉलरचे आकडे ऐकून असा समज होतो की प्रत्येक विद्यापीठाचा क्रीडाविभाग पैशांत लोळतो. वास्तविक बहुतेक क्रीडाविभागांचा खर्च त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नातून भागत नाही. फरक भरून निघतो तो विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीतून आणि विद्यार्थ्यांच्या शुल्कातून. अनेक सरकारी विद्यापीठांच्या शुल्कपत्रकात क्रीडाशुल्क असते, आणि ज्या विद्यार्थ्याने स्टेडियमचे तोंडही पाहिलेले नाही, त्यालाही ते चुकत नाही. आपण सुचवता तसा खेळाडू नोकर झाला, तर त्याचे वेतन, कर, विमा हा सारा भार अखेर त्याच रकान्यात जाऊन बसेल. पेनसिल्व्हेनियातील सेंट फ्रान्सिस विद्यापीठाचा पुरुष बास्केटबॉल संघ मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत खेळला, आणि त्यानंतर काही दिवसांतच त्या विद्यापीठाने खेळाच्या शिष्यवृत्त्या नसलेल्या तिसऱ्या श्रेणीत जाण्याचा निर्णय जाहीर केला. लहान संस्थांना हा नवा खेळ परवडणारा नाही, हे त्यांनी कृतीनेच सांगितले.

दुसरा मुद्दा संघबदलाचा. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे संघ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणीची व्यवस्था, ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाले तेव्हा प्रमुख खेळांतील खेळाडूला संघ बदलल्यावर साधारणतः एक वर्ष बाहेर बसावे लागे. २०२१ मध्ये एकदा बदलण्याची सूट मिळाली आणि एप्रिल २०२४ पासून, अभ्यासाच्या अटी पाळल्या तर, कितीही वेळा बदला, बंधन नाही. याचे परिणाम मी वर्गात पाहतो. गुरुवारी दुपारी प्रवासाचे पत्र घेऊन येणारा मुलगा परीक्षा पुढे ढकलून मागतो, त्यात गैर काही नाही. परंतु तोच मुलगा तिसऱ्या विद्यापीठातून आलेला असतो, त्याचे निम्मे क्रेडिट आमच्या विभागाला चालत नाहीत, आणि मग क्रीडाविभागाचा सल्लागार त्याला ज्या अभ्यासक्रमात सगळे खपून जाते अशा पदवीकडे वळवतो. ज्यांना पुढे व्यावसायिक करार मिळतो ते मूठभर सोडले, तर बाकीच्यांच्या हाती शेवटी ही पदवीच उरणार आहे. त्यामुळे संघ सोडताना काही किंमत मोजावी लागणे हे खेळाडूच्या हिताविरुद्धच आहे, असे मी मानत नाही.

पाचवा डाऊन:

प्राध्यापक महाशय, किंमत मोजण्याचा नियम सर्वांना लावणार असाल तर मीही आपल्या बाजूचा. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना प्रशिक्षकपदावरून काढले तेव्हा करारानुसार त्यांना सुमारे साडेसात कोटी डॉलर देणे लागत होते. लेन किफिन यांनी ३० नोव्हेंबर २०२५ रोजी मिसिसिपी विद्यापीठाचा संघ सोडून लुईझियाना स्टेटची वाट धरली, आणि तीही त्यांचा संघ राष्ट्रीय बादफेरीच्या उंबरठ्यावर उभा असताना. त्यांच्या क्रेडिटची चिंता कोणी केली नाही.

विद्यापीठांचे तरी काय? लॉस एंजेलिसमधील यूसीएलए आणि यूएससी यांनी दूरचित्रवाणीच्या पैशांसाठी पॅक-१२ ही शंभर वर्षांची परंपरा असलेली परिषद (एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) सोडली आणि बिग टेन या दुसऱ्या परिषदेत प्रवेश घेतला. २०२४ च्या हंगामात पॅक-१२ मध्ये फक्त ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट उरले. आता लॉस एंजेलिसच्या मुली व्हॉलीबॉलच्या सामन्यासाठी थेट न्यू जर्सीपर्यंत उडतात. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, याहून वेगळे यात काही दिसत नाही.

मध्यपश्चिमी:

आपण दिलेली उदाहरणे माझ्याच बाजूची आहेत. प्रशिक्षक मुदतीआधी सोडून जातो तेव्हा त्याच्या करारातही भरपाईची रक्कम लिहिलेली असते, आणि ती बहुधा नवे विद्यापीठ भरते. जॉर्जियाने खेळाडूच्या करारात तेच कलम घातले. प्रशिक्षकाला लागू असलेली अट खेळाडूला लावली की ती अन्याय कशी ठरते, हे कोणी समजावून सांगावे. परिषदांच्या फोडाफोडीबद्दल मात्र माझे आपल्याशी काही भांडण नाही. तो शुद्ध लोभ होता.

अटीतटी:

इथेच तर घोडे पेंड खाते. प्रशिक्षकाच्या करारात भरपाई दोन्ही बाजूंनी असते: तो गेला तर तो देणार, त्याला काढले तर विद्यापीठ देणार. फिशर यांचे साडेसात कोटी हे त्या दुसऱ्या बाजूचे पैसे होते. खेळाडूच्या बाबतीत ही दुसरी बाजू अनेकदा कागदावरच राहते किंवा मुळात नसतेच. जेडन रशाडा या क्वार्टरबॅकला शाळेत असतानाच फ्लोरिडा विद्यापीठाच्या समर्थकांकडून सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलरचा करार मिळाला होता. तो समर्थकांनीच मोडला, आणि मुलाला २०२४ मध्ये संघाच्या प्रशिक्षकाविरुद्ध आणि त्या समर्थकांविरुद्ध दावा दाखल करावा लागला. खेळाडूने मोडला तर तो करारभंग, आणि समर्थकांनी मोडला की 'तो तर बाहेरच्या लोकांशी झालेला व्यवहार होता', असे ऐकवले जाते.

शिवाय सह्या करताना कोण कोणासमोर बसलेला असतो हेही पाहावे. प्रशिक्षकामागे अनुभवी वकील असतात. एकोणीस वर्षांच्या मुलासमोर चार पानांचा अटींचा मसुदा येतो, मूळ करारपत्र नंतर होईल असे सांगितले जाते, आणि पोर्टलची मुदत संपत आलेली असते. अशा घाईत झालेल्या सहीवर १३ महिन्यांचे हप्ते दंड म्हणून लावणे, ही नुकसानभरपाई आहे की दहशत, हे न्यायालय ठरवेल. मला ती दहशत वाटते.

नेटजवळ:

मी या चर्चेत फुटबॉलसाठी आलेलो नाही. आमचा मुलगा पुण्यात टेनिस खेळत मोठा झाला आणि गेली दोन वर्षे अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या संघात आहे. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ मध्ये एनसीएएचे एकेरीचे विजेतेपद पटकावले, तेव्हापासून आपल्याकडील कित्येक टेनिसपालकांना हा रस्ता डोळ्यांसमोर दिसू लागला. या मुलांचे वर्णन वरच्या कोणत्याच प्रतिसादात आलेले नाही.

हाउस तडजोडीने शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरील बंधन काढले आणि त्याऐवजी संघातील खेळाडूंच्या संख्येला मर्यादा घातली. पुरुष टेनिसमध्ये पूर्वी संपूर्ण संघाला मिळून साडेचार शिष्यवृत्त्या देता येत, त्यांचे तुकडे करून प्रशिक्षक आठ-दहा मुलांत वाटत असत. आता दहाच्या दहा मुलांना पूर्ण शिष्यवृत्ती देण्याची मुभा आहे. पण ज्या क्रीडाविभागाला सारा पैसा फुटबॉलकडे वळवायचा आहे, तो ही मुभा वापरेल कशाला? मुभा आणि प्रत्यक्ष पैसा यांत फार अंतर असते.

आता नोकर म्हणून मान्यता देण्याविषयी. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येते. एनसीएएचा नियमही आठवड्याला २० तासांचाच आहे, परंतु तो मोजण्याची रीत मजेशीर आहे: सामन्याचा अख्खा दिवस तीन तास धरला जातो आणि प्रवास धरलाच जात नाही. खेळणे ही उद्या नोकरी ठरली आणि तास खरेखुरे मोजले गेले, तर आमच्या मुलांचा व्हिसा धोक्यात येईल. एनआयएलमध्येही हेच घडले. पर्ड्यू विद्यापीठाचा झॅक एडी हा कॅनडाचा बास्केटबॉलपटू देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी त्याच्या अमेरिकन सहकाऱ्यांना ज्या जाहिराती सहज करता येत होत्या, त्या त्याला अमेरिकेच्या भूमीवर करता येत नव्हत्या. अटीतटी यांचा न्याय आमच्या घरापर्यंत पोहोचेस्तोवर त्याचा अन्याय झालेला असेल, अशी मला भीती आहे.

रेघोटी:

नेटजवळ यांनी इतर खेळांची आठवण करून दिली हे बरे झाले. जुन्या खेळाडूंना द्यायच्या २.८ अब्ज डॉलरपैकी साधारण तीन चतुर्थांश वाटा फुटबॉलचा, सुमारे १५ टक्के पुरुष बास्केटबॉलचा, ५ टक्के महिला बास्केटबॉलचा आणि उरलेल्या ५ टक्क्यांत बाकीचे सर्व खेळ, असे सूत्र ठरले आहे. शिक्षणसंस्थांमध्ये स्त्रियांना समान संधी देणाऱ्या १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्याचा आधार घेऊन काही महिला खेळाडूंनी जून २०२५ मध्येच या वाटपाविरुद्ध अपील केले. बाजारात ज्याला मागणी त्याला पैसा, असे उत्तर यावर दिले जाते. परंतु २०२४ च्या महिला बास्केटबॉलच्या अंतिम सामन्याला पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा अधिक प्रेक्षक लाभले होते, आणि त्या वर्षाची मागणी मोजण्याची तसदी या सूत्राने घेतलेली दिसत नाही. नोकर की विद्यार्थी या वादात दोन्ही बाजू एकच फुटबॉलपटू डोळ्यांसमोर ठेवून बोलत आहेत.

अटीतटी:

नेटजवळ, व्हिसाची अडचण खरी आहे, पण ती परदेशी नागरिकांच्या कायद्याची अडचण आहे आणि तिथेच सुटायला हवी. तिच्यापोटी लाखो अमेरिकन खेळाडूंना वाटाघाटीचा हक्क नाकारता येणार नाही. तास मोजण्याची जी रीत आपण सांगितली, ती तर खेळाडूंच्या संघटनेची गरजच दाखवते.

संघटनेचा मार्ग सोपा नाही हे मीही जाणतो. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंचा प्रयत्न २०१५ मध्ये राष्ट्रीय कामगार मंडळाने अधिकारक्षेत्र घेण्यास नकार देऊन संपवला. डार्टमथच्या बास्केटबॉलपटूंनी मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी संघटना निवडली, पण मंडळातील राजकीय बदल ओळखून वर्षाअखेरीस अर्ज मागे घेतला. सरकारी विद्यापीठांना ते मंडळ लागू नाही, आणि नॉर्थ कॅरोलायनासारख्या राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांशी सामूहिक करार करण्यास कायद्यानेच मनाई आहे. तरीसुद्धा दोन वर्षांचा करार, एकदा विनाअट संघबदल, त्यानंतर दोन्ही बाजूंना सारखी भरपाई आणि दुखापतीनंतर उपचाराची हमी, एवढ्या चार गोष्टी समोरासमोर बसून ठरवता येतील. समोर बसायला कोणी हवे एवढेच.

मध्यपश्चिमी:

आपल्या चारपैकी तीन गोष्टी मला मान्य आहेत. मार्ग मान्य नाही. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील संघीय न्यायालयाने दुसऱ्यांदा संघ बदलणाऱ्यांवरील बंधन मक्तेदारीविरोधी कायद्याखाली थांबवले, आणि तेव्हापासून कोणताही नियम केला की आठवडाभरात कुठल्या तरी जिल्हा न्यायालयात त्याला स्थगिती मिळते. या स्थितीत बंधनकारक नियम दोनच मार्गांनी येऊ शकतो: आपण म्हणता तशी संघटना, किंवा अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेसने) अशा खटल्यांपासून दिलेले मर्यादित संरक्षण. पन्नास राज्यांत पन्नास प्रकारचे कामगार कायदे असताना संघटना उभी राहीपर्यंत आजच्या खेळाडूंची नातवंडे खेळू लागतील, म्हणून मी दुसरा मार्ग पसंत करतो. अट एवढीच, की संरक्षण देणाऱ्या त्या कायद्यात दुखापतीचा खर्च आणि पदवी पूर्ण होईपर्यंतची शिष्यवृत्ती विद्यापीठावर बंधनकारक असावी, आणि विद्यार्थ्यांच्या शुल्कातून खेळाडूंचा मोबदला देण्यास स्पष्ट मनाई असावी. दंडाच्या कलमाविषयी म्हणाल, तर खेळाडूला प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेपलीकडे ते जाऊ नये. जॉर्जियाची मागणी या कसोटीला उतरत नाही, हे मी येथे नोंदवतो. पण तेवढ्यावरून तो मुलगा विद्यापीठाचा नोकर ठरतो, हे मला अजूनही पटलेले नाही.