शिसं वितळवून लगडी पाडतोय, पण रसाचं पिठलं होतंय. मदत हवी आहे

गंगाथडीकर:

नमस्कार मंडळी. आमचं गाव पैठण तालुक्यात, नाथसागराच्या म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठाला. मामा मासेमारी करतात. फेकायच्या जाळ्याच्या खालच्या दोरीला शिशाच्या गोळ्या चेपलेल्या असतात. पाण्यात जुन्या बाभळींचे खुंट आहेत, त्यात जाळं अडकलं की ओढताना गोळ्या गळतात. दर वर्षी नव्या घ्याव्या लागतात. यंदा मामा म्हणाले, "तू आयटीआय केलेला ना, मग घरीच पाड की."

हायवेवरच्या एका टायरवाल्याकडे बॅलन्सिंगची जुनी वजनं, म्हणजे चाकाच्या रिमला क्लिपनं किंवा चिकटपट्टीनं लावतात ती, बादलीभर पडून होती. "गोळ्या ओतायच्यात" म्हणालो तर त्यानं मला वरून खालून बघितलं. जाळ्याच्या म्हणल्यावर दिली. चौदा किलो भरली. बघितलेले व्हिडिओ मात्र सगळे बंदुकीच्या गोळ्या ओतणाऱ्या अमेरिकन लोकांचे. आपल्याला ते काही करायचं नाही, फक्त लगडी पाडून ठेवायच्या आणि लागतील तशा गोळ्या करायच्या.

परवा तीन दगड मांडले, मामीची जुनी बिडाची कढई ठेवली आणि खाली कापसाच्या पऱ्हाट्या लावल्या. दहा-बारा मिनिटं काहीच नाही. मग तळाला आरशासारखं चमकलं आणि लोखंडी क्लिपा वर तरंगायला लागल्या. त्या झाऱ्यानं काढल्या. जाळ उतरला म्हणून अजून एक पेंढी सारली, आणि तिथंच घोटाळा झाला. वर करडी, खरबरीत साय धरली. ओढून काढली की पुन्हा धरायची. पळीत घेतलं तर धार लागायच्याऐवजी पिठल्यासारखं गचकन पडायचं. लोखंडी अँगलच्या तुकड्याला दोन्हीकडं पट्टी वेल्ड करून साचा केलाय, त्यातून लगड निघाली ती भोकाभोकाची. पक्कडीनं चेपून बघितली तर चिरली.

दुसरं म्हणजे, पळी रांजणाजवळ ठेवली होती. ती उचलून थेट रसात घातली आणि फाटकन उडालं. मनगटावर दोन फोड आलेत. मामांच्या चष्म्याच्या काचेवर शिशाचा मण्याएवढा ठिपका अजून चिकटलेला आहे. चष्मा नसता तर काय, हा विचार रात्रभर डोक्यात होता.

तर हे पिठलं कशानं झालं? बिघडलेला माल सुधारतो का? आणि घरात इन्व्हर्टरच्या दोन मेलेल्या बॅटऱ्या आहेत, त्या फोडून शिसं काढलं तर चालेल का?

खटपट्या:

भाऊ, आधी शेवटचं. बॅटरीला हात लावू नका. आत ॲसिड तर आहेच, शिवाय प्लेटवरचा बराचसा माल म्हणजे शिशाची पेस्ट, ती कढईत वितळत नाही, नुसती विषारी राख होते. प्लेटच्या आतल्या जाळीत अँटिमनी (शिसं कडक करायला मिसळतात तो धातू), कधी आर्सेनिक, आणि त्या राखेला ओल लागली तर निघणारा वायू माणूस मारू शकतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणेही जुनी बॅटरी नोंदणीकृत रिसायकलरकडेच गेली पाहिजे. नवी घेताना दुकानदाराला द्या, तो पैसे वळते करतो.

आता पिठलं. ते जस्त आहे. हल्ली बॅलन्सिंगची सगळी वजनं शिशाची नसतात, काही जस्ताची आणि काही लोखंडाची येतात. शिसं ३२७ अंशाला वितळतं, जस्त ४१९ ला. मधल्या नव्वद अंशांत जस्त हलकं असल्यामुळं क्लिपांसारखंच वर तरंगतं, झाऱ्यानं उचलून टाकता येतं. तुम्ही पेंढी सारलीत आणि ४१९ ओलांडलं. पऱ्हाटीचा जाळ म्हणजे भसकन पेटतो, भसकन विझतो, भाकरीला ठीक आहे, या कामाला नाही. हॉटेलवाले वापरतात तसली गॅसची भट्टी बघा, चावी फिरवून आच धरता येते.

थर्मामीटर नसेल तर एक सोपी खूण. कढईत न वितळलेलं शिसं थोडं तरी शिल्लक आहे आणि तुम्ही ढवळताय, तोवर रस ३२७ च्या आसपासच राहतो. बर्फ असेपर्यंत पाणी तापत नाही तसंच. तेवढ्यात तरंगणारं सगळं काढून घ्यायचं.

पण खरं काम चुलीच्या आधीचं. एकेक वजन हातात घेऊन बघा. बऱ्याच वजनांवर धातूची इंग्रजी खूण उठवलेली असते, पीबी म्हणजे शिसं, झेडएन म्हणजे जस्त, एफई म्हणजे लोखंड. खूण नसेल तर कटिंग पक्कडीनं कडेला चावा घ्या. शिशात दात सहज रुततो, जस्तावर नुसता ओरखडा उठतो. तरी शंका राहिली तर संडास धुवायच्या ॲसिडचा एक थेंब टाका. जस्त फसफसतं, शिसं ढिम्म राहतं. मग ते वजन धुऊन दोन दिवस उन्हात टाका.

ओलीचं तुम्हाला कळलंच आहे. पाण्याची वाफ झाली की जागा १६०० पटीहून जास्त लागते, ती रसाखाली सापडली तर रस अंगावर येतो. पळी आणि साचा आधी चुलीच्या कडेला तापवून घ्या. तापलेल्या रसात वरून नवा माल कधीच टाकू नका, जे वितळवायचं ते थंड कढईतच भरा. आभाळ आलं असेल त्या दिवशी काम नाही.

बिघडलेला माल पूर्ण शुद्ध होणार नाही. पण अगदी मंद आचेवर वितळवा आणि जेमतेम पातळ असताना वर येणारी करडी साय काढत राहा. कमी तापलेल्या शिशात जस्त फारसं विरघळून राहत नाही, बरंच बाहेर येतं. मग हरभऱ्याएवढा मेणबत्तीचा तुकडा टाकून कोरड्या काडीनं तळापासून ढवळा. भडका उडतो, तोंड लांब ठेवा. सायीत अडकलेलं शिसं परत रसात उतरतं.

आणि मामा तंबाखू मळतात का? राग मानू नका, पण शिशाच्या हातानं तळव्यावर तंबाखू-चुना मळणं म्हणजे शिसं थेट पोटात. गोळी दातानं चेपायची सवय असेल तर तीही बंद.

छापखाना:

दोन शब्द. चिकटपट्टीवाली वजनं वेगळी काढा, ती बहुतेक मऊ शिशाची असतात. क्लिपवाल्यांत अँटिमनी असतं, माल कडक होतो. आमच्या आजोबांच्या छापखान्यातले खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, एकानं असेच जाळ्यासाठी मागितले होते. मी नाही दिले, कारण खिळ्यांत अँटिमनी आणि कथील बरंच असतं, चेपायला गेलं की तुकडे पडतात. अर्थात, खरं कारण आजोबा होते.

पाणकावळा:

सगळे ओतायचं शिकवताय, म्हणून एक आडवा प्रश्न. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. गळालेल्या गोळ्या बदकं खडे समजून गिळतात आणि शिशानं मरतात. इंग्लंडात याच कारणानं १९८७ साली गळाच्या छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. लोखंडी कड्या का नाही लावत?

गंगाथडीकर:

पाणकावळा दादा, मामांना विचारलं. म्हणाले, लोखंड हलकं पडतं, तेवढ्याच वजनाला दीडपट जाड कडी लागते, जाळं फेकताना उघडत नाही आणि गंजानं दोरी कुजते. तरी एका जुन्या जाळ्याला कड्या लावून बघू म्हणाले. बघतो किती दिवस "बघू" चालतं ते.

खटपट्या भाऊ, तंबाखूचं मामांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, उठून साबणानं हात धुऊन आले.

एक विचारायचं राहिलं. काढलेली साय आणि राख गोठ्यामागं खड्ड्यात पुरली तर चालेल का?

खटपट्या:

अजिबात नाही! जनावरं शिशाची माती चाटतात, गाई-म्हशी त्यानं दगावतात. झाकणाच्या डब्यात भरा, वर चिठ्ठी चिकटवा, पोरांच्या हाती लागणार नाही असं ठेवा आणि बॅटरीसोबत देऊन टाका.

गंगाथडीकर:

आठ दिवसांनी कळवतोय. मित्राची गॅसभट्टी आणली, गावाबाहेर वाऱ्याला पाठ करून बसलो, पूर्ण बाह्या, बूट, गॉगल. न वितळवलेला माल निवडला तर जस्त आणि लोखंड मिळून तीन किलोच्या वर निघालं. रस असा झाला की पळीतून दुधासारखी धार. एकदा उत्साहात वाटीत ओतलं, शंभर मिलीची स्टीलची वाटी, तर लगड अकराशे ग्रॅमची झाली आणि सांडशीतून निसटली. आता अँगलच्याच पाडतो, अर्धा-अर्धा किलोच्या. नखानं ओरखडा उठतो इतक्या मऊ आहेत. जुना पिठल्याचा माल वेगळा ठेवलाय, तो दिवाळीनंतर.

कढई आता कायमची शिशाची झाली. मामीला नवी बिडाची घेऊन दिली. ती म्हणते, वांग्याची भाजी जुनीतच चांगली व्हायची.