मदत हवी आहे: 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'ची मूक आवृत्ती कुठे मिळेल?

मंडळी, नमस्कार. लुईस माइलस्टोन यांचा १९३० चा हा युद्धपट बाबांना दाखवायचा आहे. रेमार्कची मूळ कादंबरी त्यांनी कॉलेजात असताना वाचलेली; जीर्ण प्रत अजून उशाशी असते. पण आता त्यांना ऐकू फारच कमी येतं. यंत्र लावलं तरी तोफांच्या धडधडाटात संवाद हरवतात, आणि पळती सबटायटल्स वाचेपर्यंत दृश्य निघून जातं.

त्या काळी बोलपटाची सोय नसलेल्या थिएटरांसाठी याच चित्रपटाची मूक आवृत्तीही काढली होती, संवादांच्या जागी पाट्या असलेली. पाटी थोडा वेळ थांबते, म्हणून ती बाबांना झेपेल असं वाटतं. ती डिस्कवर किंवा ऑनलाइन रीतसर कुठे मिळेल? कुणी पाहिली असेल तर पाट्यांचा अक्षर-आकार टीव्हीवर वाचण्याजोगा आहे का, तेही सांगा.

चित्रपटाच्या शेवटच्या दृश्यातलं फुलपाखरू कादंबरीत नाही. त्याच्याकडे सरकणारा सैनिकाचा तो हात बाबांनी एकदा पाहावा, एवढीच फार इच्छा आहे. पुढच्या महिन्यात त्यांना ८१ वं लागतंय, त्याआधी मिळालं तर फार बरं होईल.